सिंधुदुर्गातून गोव्यात स्टेक खायला जाताय? आधी हे वाचा

कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला साइडच्या लोकांचं एक बरंय, खास दिवस असला की गाडी काढली आणि गोवा. हल्ली कुणाचा पहिला पगार झाला किंवा आईबाबांच्या लग्नाची पंचविशी आली की मासे काय रोजचेच, या वेळी चांगल्या भारी स्टेकहाऊसला जाऊया असं निघतं, म्हणजे जिथे स्टेक, मांसाचा जाड भाजलेला तुकडा, मिळतो. जा की, मजा येते, पण तिथे जाऊन मेन्यू बघून ठरवू म्हणाल तर गोंधळ होतो. निम्मं काम घरूनच फोनवर करायचं.

सगळ्यात आधी कालनिर्णय बघा. मी थट्टा नाही करत. सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, घरात कोण काय पाळतं ते विचारा आणि वाढदिवस गुरुवारी आला तर सरळ शनिवारी करा, नाहीतर आई तिथे बसून सूप पिणार आणि बाकीच्यांना घास उतरणार नाही. पावसात गोव्यात किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं बंद असतात, तेव्हा चालू आहे का ते विचारल्याशिवाय निघू नका. डिसेंबर अखेरीला तर टेबल आधीच बुक केलेलं बरं.

फोनवर दुसरा प्रश्न, मांस कसलं आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यापासून गाय, बैल, वळू सगळ्यांच्याच कत्तलीला बंदी आहे, म्हणून मुंबई-पुण्याला मेन्यूवर टेंडरलॉइन किंवा बफ लिहिलेलं असतं ते म्हशी-रेड्याचं. गोव्यात बीफ मिळतं आणि बफही, त्यामुळे नक्की काय आहे ते स्पष्ट विचारा, विचारण्यात लाज कसली. घरात बीफ न खाणारे असतील तर लॅम्ब चॉप्स, चिकन, मासा आहे का आणि ते वेगळ्या ग्रिलवर करता का हेही आत्ताच विचारून घ्या. आणि खाणाऱ्याने न खाणाऱ्याची टिंगल करायची नाही, त्या रात्री तरी. शाकाहारी कोणी असेल तर एक सांगतो, सीझर सॅलड नावाला सॅलड, पण त्याच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही म्हणजे खारवलेले बारीक मासे असतात आणि बऱ्याचदा कच्चं अंडंही.

मेन्यूवर ‘न्यूयॉर्क स्ट्रिप’ दिसलं म्हणजे मांस अमेरिकेतून आलंय असं समजू नका, ते कटचं, म्हणजे मांस कुठल्या भागाचं आहे त्याचं, नाव आहे. भारतात बीफ आयात करायला बंदी आहे. लॅम्ब मात्र ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं येतं आणि ते खरंच चांगलं असतं.

आता कट. टेंडरलॉइन किंवा फिले सगळ्यात मऊ, चरबी कमी, दात दुखणाऱ्या मोठ्या माणसांना हेच द्या. रिबआयमध्ये चरबी जास्त, चव जास्त, माझं मत विचाराल तर पैसे इथेच घाला. टी-बोनला हाडाच्या एका बाजूला स्ट्रिप आणि दुसऱ्या बाजूला टेंडरलॉइन, दोघांत एक घ्यायला छान. टोमाहॉक म्हणजे लांब बरगडीचं हाड ठेवलेला रिबआय, फोटोला जबरदस्त, पण वजन हाडासकट धरलेलं असतं हे लक्षात ठेवा. काही ठिकाणी रेट शंभर ग्रॅमवर असतो, आपल्याकडे शेवंड नि मोठं पापलेट ‘साइजप्रमाणे’ लिहितात तसंच, त्यामुळे ऑर्डर देण्याआधी पूर्ण पीसचे किती होतील ते विचारा. वजनही कच्च्या मांसाचं असतं, पावकिलो सांगितलंत तर ताटात पावकिलो येत नाही.

वेटर विचारणार, कसा शिजवू? इथेच सगळे एकमेकांकडे बघतात. रेअर म्हणजे आतून लाल, मधलं तापमान साधारण ५० डिग्री. मीडियम रेअर ५५ च्या आसपास, मीडियम ६० च्या आसपास आणि मधे छान गुलाबी, मीडियम वेल ६५ च्या पुढे आणि गुलाबीची नुसती रेघ, वेल डन ७० च्या पुढे, सगळा तपकिरी. पहिल्यांदा खाताय तर मीडियम सांगा. बफमध्ये चरबी कमी असते म्हणून तो वेल डन केला की कोरडा आणि वातड होतो, वेल डनच हवा असेल तर रिबआय घ्या नाहीतर टेंडरलॉइन मधून उघडून पातळ करून द्या असं सांगा. गरोदर बाई असेल तर मात्र वेल डनच, तिथे चवीचा वाद नको. ताटात लाल पाणी दिसलं की आई म्हणणारच, ‘ह्यां कच्चां आसा मरे!’ ते रक्त नाही, मांसातलं मायोग्लोबिन पाण्याबरोबर बाहेर येतं, त्याचा रंग लाल. स्टेक आला की लगेच मधून कापून बघा, कमी वाटला तर सांगा, ते परत ग्रिलवर टाकून देतात. जास्त शिजला असेल तर मात्र नवीनच करावा लागतो.

जाड स्टेक शिजून, मग थोडा वेळ ठेवून येतो, अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात ब्रेड-बटरवर ताव मारू नका. मॅश म्हणजे कुस्करलेला बटाटा, पालक, मशरूम बऱ्याच ठिकाणी वेगळे मागवायचे असतात आणि ते चौघांना दोन-तीन पुरतात. सॉस बाजूला मागा, मिरीचा पेपर सॉस आपल्या जिभेला जमतो.

काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, एका वेळी एकच घास कापायचा, बाकी नियमांचं टेन्शन घेऊ नका, आजोबांना जमत नसेल तर वेटरला सांगा, किचनमधून कापून आणतात.

बिल नीट वाचा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, पण रूमचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर असलेल्या हॉटेलातलं असेल तर १८. दारूवर जीएसटी नसतो, तिथे व्हॅट. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या गाइडलाइन्समध्ये आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या उचलून धरल्या, तेव्हा नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. आणि मग सर्व्हिस आवडली असेल तर टिप हातात द्या.

वाइन घेणार असाल तर गाडी चालवणारा आधीच ठरवा, नाहीतर रात्री तिथेच राहा. उरलेली बाटली डिकीत टाकून परमिटशिवाय आणू नका, सीमेजवळच्या इन्सुली नाक्यावर गाडी थांबवतात. उरलेला स्टेक बफचा असेल तर मात्र पॅक करून घ्या, घरी आल्या आल्या फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी गरम न करता पातळ काप करून, कांदा आणि मिरपूड घालून पावात खा.