मर्ग नंबर लिहून घ्या, मग पॅरिसचं बघू

गेल्या महिन्यात यवतमाळकडच्या एका पोराचा फोन आला. सिव्हिल झालंय, गेटचा स्कोअर बरा आहे आणि त्याला रस्ते-सुरक्षेत, तेही 'इंटरनॅशनल लेव्हल'वर काम करायचंय. पहिलाच प्रश्न, "ताई, लाइपझिगले जायला काय करावं लागते?" मला हसू आलं नाही. सहा वर्षांपूर्वी मी हेच विचारत फिरत होते, फक्त मला लाइपझिगचा उच्चार येत नव्हता. त्याला फोनवर तुटक-तुटक जे सांगितलं ते इथं सलग लिहिते आहे. प्रवेश, फी, कटऑफ हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, त्यात जात नाही.

आधी कोण कुठं बसतं ते पटकन. जर्मनीतल्या लाइपझिगला मे महिन्यात वाहतूकमंत्र्यांची परिषद भरते ती इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट फोरमची. १९५३ मध्ये ही युरोपातल्या मंत्र्यांची परिषद होती, २००६ मध्ये तिचं फोरम झालं. कचेरी पॅरिसला, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या छत्राखाली. भारत ओईसीडीत नाही, पण फोरमचा सदस्य आहे. हे मुलाखतीत विचारतात आणि भलेभले अडखळतात. जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांचा युरोप आयोग आहे. नाव युरोपचं असलं तरी रहदारीचा १९६८ चा व्हिएन्ना करार आणि वाहनांच्या तांत्रिक नियमांचे करार तिथंच सांभाळले जातात, आणि त्यातल्या काहींत आपणही आहोत. बँकॉकला आशियाचा आयोग, एस्कॅप. याशिवाय जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक. झालं. एवढं पाठ करायला एक दुपार पुरते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

आता हे सगळं आपल्यापासून किती लांब आहे? आमच्या गावाजवळून जो हायवे जातो त्याला घरी अजूनही 'सहा नंबर' म्हणतात. सरकारी कागदात तो कधीचाच ५३ झाला. आणि २००३ च्या आशियाई महामार्ग कराराच्या नकाशात तोच रस्ता एएच ४६ आहे: मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर, पुढं रायपूर. नंबरं तीन, रस्ता एक, आणि दिवाळीनंतर अंधार पडला की त्यावर कापसानं फुगलेली, मागं एकही रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली.

दुसरं उदाहरण आमच्या फाट्याचं. गावाकडं वळणाऱ्या रस्त्यावर एक शाळकरी पोरगी गाडीखाली आली, तेव्हा लोकांनीच रातोरात सिमेंट ओतून ब्रेकर केला. बाबा काळी-पिवळी चालवायचे. त्यांच्या डब्यातला टेप घेऊन मी तो मोजला. रुंदी हातभर, उंची वीतभर. वर ठिकठिकाणी दुचाक्यांच्या स्टँडचे ओरखडे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या पुस्तिकेच्या १९८८ च्या आवृत्तीत गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. मला हे आकडे विचित्र वाटायचे. ३.७ च का? साडेतीन का नाही? मग कळलं की १९७३ मध्ये ब्रिटनच्या रस्ते-संशोधन प्रयोगशाळेनं जो उंचवटा तपासला तो होता बारा फूट रुंद आणि चार इंच उंच. फुटांचं मीटर करून पाहा. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे कोट घालून गोलमेजाभोवती बसणं अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी फाट्यावर, टेपचं दुसरं टोक धरून उभ्या असलेल्या बाबांसमोर मोडली.

इथवर सगळं छान वाटतं. आता माझी फजिती सांगते, आणि ती जरा लांबवणार आहे, कारण माझ्यानंतर मी चार-पाच जणांना त्याच खड्ड्यात पडताना पाहिलंय.

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी आमचा तालुका घेतला. ठाण्यातून अपघातांचे मासिक तक्ते मिळवले, लोकसंख्या जनगणनेतून घेतली, दर लाखामागे मृत्यू काढले आणि शेजारी युरोपातल्या देशांचे आकडे मांडले. निकाल असा की आमचा तालुका जवळपास फ्रान्सइतका सुरक्षित! मला जरा तरी शंका यायला हवी होती की नाही? नाही आली. उलट वाटलं, काहीतरी नवीन सापडलं. गाइडनीही मान डोलावली. ऑनलाइन चर्चासत्रात मी हा तक्ता मोठ्या झोकात लावला. शेवटी नेदरलँड्सच्या एका वयस्कर संशोधकांनी एकच प्रश्न विचारला: यातली माणसं मेली केव्हा?

मला प्रश्नच कळला नाही. मी वर्ष सांगितलं. ते म्हणाले, वर्ष नाही, अपघातानंतर कितव्या दिवशी?

पुढचं अर्धं मिनिट मी अजून विसरलेले नाही. पंखा चालू होता, त्याचा आवाज माईकवर सगळ्यांना ऐकू जात होता.

तर गोष्ट अशी. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत त्या जखमांनी माणूस दगावला तर तो रस्ते-अपघातातला मृत्यू, ही व्याख्या आज देशादेशांची तुलना करताना धरतात. पण ती सगळीकडे पहिल्यापासून नव्हती. फ्रान्स २००४ पर्यंत ६ दिवस धरायचा. स्पेन १९९३ च्या आधी २४ तास. जपानमध्ये २४ तासांचा आकडा वेगळा आणि ३० दिवसांचा वेगळा, असे दोन्ही छापतात. म्हणून जुने आकडे एका रांगेत आणायचे तर गुणक लावावा लागतो. २४ तासांच्या आकड्याला १.३० नं गुणायची पद्धत होती, म्हणजे तीस टक्के माणसं नुसत्या व्याख्येतून वाढतात. पॅरिसच्या फोरमचा इर्टॅड नावाचा गट आहे, त्याचं निम्मं काम हेच: आकड्याच्या मागची व्याख्या तपासणं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. आहेच.

पण आपल्याकडचा खड्डा व्याख्येत नाही, कागदाच्या प्रवासात आहे. आमच्या गल्लीतले एक काका संध्याकाळी वावरातून मोटारसायकलनं येत होते आणि उभ्या ट्रॉलीला मागून धडकले. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला, तिथून रातोरात नागपूर. नवव्या दिवशी गेले. अपघात झाला त्या रात्री आमच्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला तो तेव्हाच्या भादंवि २७९, ३३८ खाली, म्हणजे गंभीर जखमी. मृत्यू नागपुरात, म्हणून मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची पोलिसांतली नोंद, तिकडच्या ठाण्यात. ते कागद टपालानं आमच्या ठाण्यात यायचे, मग गुन्ह्यात ३०४-अ वाढायचं, मग तक्त्यात जखमीतला एक कमी होऊन मृतात एक वाढायचा. महिन्याचा तक्ता मात्र कधीच जिल्ह्याला गेलेला. मी तोच उचलला होता.

काकांच्या तेरवीला मी पंगतीत बसून जेवले होते. माझ्या तक्त्यात ते जिवंत होते.

त्या चर्चासत्रानंतर मी घरी गेले आणि दोन दिवस बोलले नाही. बाबांनी विचारलं, "काऊन, नापास केलं का?" म्हटलं नाही. "मंग? दुरुस्त कर ना बाप्पा. गाडी बंद पडली तं आपण इकतो का?"

दुरुस्ती कशी केली ते नीट वाचा, हाच भाग कामाचा आहे. गंभीर जखमींची यादी घ्या, गुन्हा रजिस्टर नंबरासकट. प्रत्येकासमोर अपघाताची तारीख. मग मर्गाचं रजिस्टर मागा. बाहेरच्या ठाण्यातून वर्ग होऊन आलेले मर्ग वेगळे लिहिलेले असतात, ते आधी पाहा. मग रुग्णालयातली एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या केसेसची), मग ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद. कुठंतरी माणूस सापडतोच. एक इशारा: १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत कलमं बदलली आहेत. ३०४-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं १०६(१), २७९ च्या जागी २८१. दोन वर्षांची तुलना करताना एकच कलम शोधत बसाल तर मृत्यू एकदम 'बंद' झालेले दिसतील, आणि तुम्ही माझ्यासारखा शोध लावून बसाल. माणसांची नावं तुमच्या फाइलीत उतरवू नका, नंबर पुरतो. आणि माहिती अधिकाराचा अर्ज हा पहिला नाही, शेवटचा उपाय ठेवा. कॉलेजचं पत्र घेऊन पोलीस अधीक्षकांची परवानगी आणा आणि ठाण्यात जाऊन बसा. मला तिथल्या हवालदारांनी मर्गाचं रजिस्टर फडक्यानं पुसून दिलं होतं. म्हणाले, "म्याडम, हे आजपावेतो कोनं मांगितलंच नाही."

आता ई-डार आहे, अपघातांची देशभरची ऑनलाइन नोंद. आयआयटी मद्रास आणि एनआयसीनं मिळून उभं केलं, पोलीस जागेवरूनच मोबाइलवर नोंद करतात. चांगलंच आहे. पण त्यातही नोंद अद्ययावत झाल्याची तारीख पाहिल्याशिवाय आकडा उचलू नका. खड्डा तोच, त्यावर आता झाकण आलंय.

हेच मोठ्या पातळीवर पाहा. २०१६ साठी भारतानं कळवलेले मृत्यू १,५०,७८५. त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २,९९,०९१. जवळपास दुप्पट. तोंडी परीक्षेत यावर हमखास विचारतात, आणि पोरं एक बाजू पकडून भांडतात. भांडू नका. एक आकडा ठाण्यांतून बेरीज होत येतो, दुसरा सांख्यिकी मॉडेलमधून. दोन्ही कसे शिजतात ते सांगता आलं की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो.

गाइडबद्दल. मोठ्या नावाचा गाइड शोधू नका, फोन उचलणारा शोधा. माझे दुसरे गाइड फारसे कोणाला माहीत नाहीत, पण त्यांनी माझ्या तक्त्यातली प्रत्येक ओळ पेन्सिलनं तपासली. दिनेश मोहन यांनी आयआयटी दिल्लीत या विषयाची जी परंपरा उभी केली, तिथला वाहतूक नियोजन आणि सुरक्षेवरचा आंतरराष्ट्रीय कोर्स जमला तर जरूर करा. खर्च वाटतो, पण जगभरची माणसं तिथं एका बाकावर भेटतात. पैसे घेऊन 'ग्लोबल करिअर मेंटॉरिंग' देणाऱ्यांपासून लांब राहा. त्यातल्या एकानं माझ्याकडून एका हंगामाच्या सोयाबीनएवढे पैसे घेतले आणि अर्ज असा लिहून दिला की त्याची सुरुवात स्वीडनच्या 'व्हिजन झिरो'नं होत होती. रस्त्यावर एकही मृत्यू नको, हे ते धोरण, १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेनं स्वीकारलं, ग्रेटच आहे, पण तुमच्या अर्जात पहिल्या ओळीत कशाला? वाचणाऱ्यानं ती ओळ त्या दिवशी चाळीसदा वाचलेली असते. तुमच्या फाट्याचा ब्रेकर त्यानं एकदाही वाचलेला नसतो.

आणि समृद्धी महामार्गावर प्रबंध करायचा मोह आवरा, असं माझं मत. ७०१ किलोमीटर, दिमाखदार, सगळे तिथंच जातात. गावच्या फाट्यावर कोणी जात नाही. पटलं नाही तर सोडून द्या.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर सांगते, माझी अजून गेलेली नाही. नेदरलँड्सच्या त्या सरांना मी सुधारलेला तक्ता पाठवला तेव्हा मेलमध्ये तीन वाक्यं होती, त्यातलं एक व्याकरणात चुकलेलं. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तक्त्याबद्दल सात प्रश्न होते, व्याकरणाबद्दल एकही नाही. पुढची दारं त्या सात प्रश्नांतून उघडली. पण लगेच उघडली असं समजू नका. मधली दोन वर्षं मी एका सल्लागार कंपनीत रोड सेफ्टी ऑडिटसाठी उन्हात फलकांचे फोटो काढत फिरले, पगार वेळेवर व्हायचा नाही, आणि घरी दर दिवाळीला एक स्थळ यायचं. रडू येतं. येऊ द्यावं. ऑडिट मात्र मनापासून शिका, पोट त्यावर भरतं.

यवतमाळच्या पोराचा परवा पुन्हा फोन आला. पत्र घेऊन ठाण्यात गेला होता. त्याला म्हणाले, पोळ्याचा बंदोबस्त आहे, सोमवारी ये. आवाज पडला होता त्याचा. "आता काय करू, ताई?"

सोमवारी जा, म्हटलं. दहाच्या आत पोच, नंतर साहेब राउंडवर निघतात. आणि मर्गाच्या रजिस्टरचा फोटो काढू देत नाहीत, वही घेऊन जा.