आई फोटोत यावी म्हणून काय करावं

आजी गेली तेव्हा तेराव्याला ठेवायला तिचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. शेवटी एका लग्नातल्या ग्रुप फोटोतला तिचा चेहरा स्टुडिओवाल्याने कापून मोठा केला, मागे निळा पडदा टाकला आणि तिने जन्मात नेसली नव्हती अशी जांभळी साडी तिला नेसवली. नीट पाहिलं तर कानाजवळ शेजारच्या बाईच्या गजऱ्याचं टोक अजून दिसतं. भिंतीवर आजही तोच फोटो आहे.

तेव्हापासून मी आईचे फोटो काढते. सणाची वाट न बघता, दर महिन्याला. "एकदा स्टुडिओत जाऊन छान फॅमिली फोटो काढून घ्या" हा सल्ला मला पटत नाही. त्या फोटोत आई असते, पण तिचं रोजचं काहीच नसतं.

तयारी फारशी नाही. फोनमध्ये जागा ठेवा, मागचा कॅमेरा वापरा आणि त्याची काच सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात काचेवर तेलकट थर बसतो आणि सगळे फोटो धुरकट येतात. घरातले फोटो आईच काढत असेल, तर आधी तिच्या हातातला फोन घ्या.

खरी अडचण पुढे आहे. "माझा कशाला, मुलांचा काढ." "थांब, साडी बदलून येते." "केस बघ कसे झालेत." यावर मी आधी "आई, इकडे बघ ना" म्हणायचे. ती हातातलं काम ठेवायची, पदर सारखा करायची, ताठ उभी राहायची. माझ्याकडे दोन वर्षांचे असे फोटो आहेत आणि सगळ्यांत आई पासपोर्टसाठी बसल्यासारखी दिसते. मग मी लपून काढायला लागले. तिला कळलं तेव्हा ती दुखावली. "असं चोरून नको काढूस गं," एवढंच म्हणाली. तिचं बरोबर होतं. लपून काढा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

त्याऐवजी सकाळीच सांगून ठेवा: "आज चकल्या करताना तुझे फोटो काढणार आहे. रात्री दाखवेन, नको असतील ते तू काढून टाक." आणि रात्री खरंच दाखवा. ती ज्याला नको म्हणेल तो तिच्यासमोर पुसा, वाद घालू नका. तिला विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या ग्रुपवर एकही टाकू नका. दोन-तीनदा हा शब्द पाळला की ती निर्धास्त होते आणि कॅमेरा विसरते. माझ्या आईला चार महिने लागले.

मग ती जिथे बसली असेल तिथे तुम्हीही बसा. ती जमिनीवर सोऱ्या फिरवत असेल तर तुम्हीही जमिनीवर, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसता भांग दिसतो. खिडकीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर बाजूने पडू द्या. खिडकी तिच्या पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो. फ्लॅश कधीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "हस" म्हणू नका, तिला काहीतरी विचारा. जे फक्त तिलाच ठाऊक आहे ते. "भाजणीत मोहन किती घातलंस?" "हा सोऱ्या कुणाचा गं?" आणि प्रश्न फोटो काढणाऱ्याने विचारायचा नाही, नातवाने किंवा मावशीने विचारायचा, म्हणजे ती कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघते. उत्तर देताना तिचे हात हलतात, चेहरा उजळतो. तेव्हा एकामागोमाग दहा-पंधरा फोटो काढा. मला हवा तो फोटो बहुतेक वेळा बोलणं संपल्यानंतरच्या क्षणी मिळतो, ती पुन्हा चकलीकडे वळते तेव्हा. म्हणून ती गप्प झाली तरी लगेच थांबू नका.

तुम्ही स्वतः लहान मुलाची आई असाल तर घरच्यांना "माझेही काढत जा" असं मोघम सांगून काही होत नाही. "मी बाळाला तेल लावते तेव्हा पाच फोटो काढ" असं नेमकं सांगा. घरात दुसरं कुणी नसेल तर फोन डब्याला टेकवा आणि दहा सेकंदांचा टायमर लावा.

मिनिटभर व्हिडिओही घ्या, आवाज राहतो. फोर-के (जास्त बारकावे टिपणाऱ्या) व्हिडिओतल्या एका चौकटीतून साधारण ८ मेगापिक्सेलचा फोटो निघतो. साध्या १०८० पी मधून २ मेगापिक्सेलचा, तोही ४ बाय ६ इंच प्रिंटला चालतो.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नेहमीच्या पद्धतीने त्यांचा दर्जा उतरतो. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी घराबाहेर. वर्षाला वीस फोटो निवडून छापा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडते.

जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका. मी ओढला होता. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोतली आईची हनुवटी काचेवरच राहिली. काचेसकट स्कॅन करा. छोटे सुटे फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतो. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून चिठ्ठी लिहून पाकिटात घाला.

चिठ्ठ्या आईला शेजारी बसवून लिहा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. नावं, गाव, साल. आणि फोटो कुणी काढला तेही. आमच्या निम्म्या चिठ्ठ्यांवर तिथे आईचं नाव आहे.