जेट बोटीचे इंजिन सुरू होत नसेल तर दुसऱ्यांदा बटण दाबण्यापूर्वी

पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली जेट बोट (पाणी आत ओढून मागे फेकणाऱ्या पंपावर चालणारी बोट) ऑक्टोबरात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात उतरवावी आणि बामणोलीच्या काठावर पहिल्याच सकाळी तिचे इंजिन सुरू होऊ नये, हा प्रसंग छोटी बोट बाळगणाऱ्यावर केव्हा ना केव्हा येतोच. अशा वेळी आपण घाईने पुन्हा पुन्हा सेल मारत राहतो आणि नेमके तिथेच नुकसान होते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, पहिल्या प्रयत्नात इंजिनाने कोणता आवाज केला ते नीट ऐकावे आणि त्याचा अर्थ लागल्याशिवाय बटणाला हात लावू नये. दोष विजेचा आहे, पेट्रोलचा आहे की सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याचा आहे, हे बहुतेक वेळा त्या आवाजावरूनच कळते; आणि सिलिंडरमध्ये पाणी असेल तर दुसऱ्या प्रयत्नात कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकण्याचा धोका असतो.

बोट पाण्यात असेल तर आधी नांगर टाकावा आणि सर्वांनी लाइफ जॅकेट घातले आहे याची खात्री करावी. त्यानंतर इंजिनवरचे झाकण उघडून वास घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातील हवा बाहेर काढणारा पंखा) असल्यास तो किमान ४ मिनिटे चालवावा, मात्र पेट्रोलचा वास स्पष्ट येत असेल तर विजेचे कोणतेही बटण न दाबता झाकण उघडे ठेवून वास पूर्ण जाऊ द्यावा आणि गळती शोधावी.

बटण दाबल्यावर काहीच आवाज झाला नाही, तर प्रथम सुरक्षा-दोरीची टोपी पाहावी. चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद व्हावे म्हणून ही दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असते आणि तिची टोपी किल स्विचवर पूर्ण बसलेली नसेल तर इंजिनाला वीजच मिळत नाही. काही बोटींच्या टोपीत चिप असते; तिथे दुसऱ्या बोटीची टोपी चालत नाही. टोपी ठीक असेल तर मुख्य फ्यूज आणि बॅटरीचा स्विच तपासावा.

एकदाच ‘खट्’ आवाज आला किंवा खटखट सुरू राहिली, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनलवर गंज चढलेला असण्याची शक्यता अधिक. मल्टिमीटर लावून पाहावे : पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी, आणि सेल मारताना आकडा १० च्या बराच खाली जात असेल तर तिच्यात जोर उरलेला नाही. टर्मिनल साफ करताना ऋण तार आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरी चांगली असूनही फक्त ‘खट्’ होत असेल, तर सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडून देणारा स्विच), स्टार्टर मोटर किंवा पुढे सांगितलेली अडकण यांपैकी काहीतरी आहे.

‘धप्’ असा जड आवाज होऊन इंजिन जागीच थांबले, तर तिथेच थांबावे. बहुतेक लहान जेट बोटींमध्ये इंजिन आणि पंपाच्या मध्ये क्लच नसतो. इम्पेलर (पंपात फिरून पाणी ढकलणारा पंखा) अडकला की इंजिनही फिरत नाही. दोर, कापडाची चिंधी किंवा मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा पंपात गेला की असे होते. सांगलीकडे कृष्णेला पूर येतो तेव्हा पाण्याबरोबर जलपर्णी, ऊस आणि घरगुती कचराही वाहत येतो. जेट बोटीला उघडा पंखा नसल्याने ती माणसांजवळ नेणे तुलनेने सुरक्षित असते, पण तोच पंप असा कचरा आत ओढतो. पुराच्या कामासाठी ठेवलेल्या बोटीच्या पंपाच्या तोंडावरची जाळी म्हणूनच दर फेरीनंतर पाहिली पाहिजे. साफ करताना सुरक्षा-दोरी काढावी, बॅटरीची ऋण तार सोडावी आणि मगच जाळीत हात घालावा. हा क्रम कितीही घाई असली तरी मोडू नये.

जाळी मोकळी असेल तर सर्व स्पार्क प्लग काढावेत. प्लग काढल्यावर इंजिन सहज फिरू लागले, तर सिलिंडरमध्ये पाणी होते असे समजावे. पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन त्यावर आदळून थांबत होता. प्लगच्या तारा अर्थिंगला जोडून, छिद्रांवर कापड धरून आणि आपला चेहरा बाजूला ठेवून दोन-चार सेकंद सेल मारावा, म्हणजे पाणी बाहेर फेकले जाते. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडून प्लग कोरडे करून बसवावेत आणि इंजिन त्याच दिवशी सुरू करावे, कारण आतली भिजलेली धातू फार लवकर गंजते. फोर स्ट्रोक इंजिनाचे ऑइल दुधाळ दिसत असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, हा पावसाळ्यानंतरचा सर्वांत सामान्य बिघाड होय आणि त्याचे मूळ बहुधा टाकीत असते. आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते, आणि कोयना खोऱ्यात पावसाळ्यात ओलाव्याची कमतरता नसते. पाणी पुरेसे साचले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून काही वेळ ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करणे हाच उपाय आहे, वरून ताजे पेट्रोल ओतून भागत नाही. फिल्टर बदलावा आणि कार्बोरेटर असल्यास त्यातील चिकट साका काढावा.

प्लग पेट्रोलने ओले असतील तर इंधन पोहोचते आहे, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे; कोरडे असतील तर फिल्टर, नळी किंवा पंप पाहावा. ठिणगीची परीक्षा पेट्रोलचा वास असताना कधीही करू नये. नवे प्लग मात्र बोटीत नेहमी असावेत. सेल एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये स्टार्टरला निवू द्यावे.

पाणी सिलिंडरमध्ये शिरण्याची वाट अनेकदा आपणच उघडून देतो. जलाशयाचे पाणी थेट इंजिनात घेऊन ते थंड करणाऱ्या बोटीला घरी नळीने धुताना आधी इंजिन सुरू करावे आणि मग नळ सोडावा; थांबवताना आधी नळ बंद करून पाणी बाहेर पडू द्यावे आणि मग इंजिन बंद करावे. उलट क्रमाने केल्यास पाणी एक्झॉस्टमध्ये साचून सिलिंडरपर्यंत पोहोचते. बंद पडलेली बोट दुसऱ्या बोटीमागे बांधून आणायची झाली, तरी वेग अगदी कमी ठेवावा किंवा इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची नळी चिमटा लावून बंद करावी, आणि इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी तो चिमटा आठवणीने काढावा.