टीएसएचचा अहवाल कसा वाचावा आणि थायरॉइडची गोळी कशी घ्यावी

रक्ताच्या अहवालात टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की ‘थायरॉइड वाढले’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा परिस्थिती नेमकी उलट असते. टीएसएच हे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते आणि तिने गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला धाडलेला तो हुकूम आहे. थायरॉइड ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके कमी प्रमाणात बनवू लागली, की पीयूषिका टीएसएच वाढवते. रक्तात ती पुरेशी झाली, की हुकूम आपोआप सौम्य होतो. म्हणून चढलेला टीएसएच बहुधा ग्रंथी मंदावल्याचे सांगतो आणि फार उतरलेला टीएसएच ग्रंथी जास्त काम करीत असल्याचे किंवा गोळीची मात्रा जास्त झाल्याचे सुचवतो. अहवाल हाती आल्यावर सर्वांत आधी हे उलटे नाते मनात पक्के करावे आणि मग आकडा पाहावा. प्रौढांमध्ये तो साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतो, तरी प्रयोगशाळेने शेजारी छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी.

मात्रा बदलल्यावर पुन्हा तपासणी कधी करावी, हा प्रश्न सांगलीकरांना समजावणे सोपे आहे. पावसाळ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, म्हणून कोणी तासाभरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन पातळी चढली नाही असा निष्कर्ष काढीत नाही. ते पाणी पाटणहून कराडला कृष्णेत मिसळून इथवर यायला वेळ लागतो, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. शरीरातही असाच प्रवास असतो. गोळीतून मिळते ते टी-४च, आणि रक्तातील टी-४ निम्मे व्हायला साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे नव्या मात्रेची पातळी स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जातात आणि पीयूषिकेचा प्रतिसाद त्याच्याही मागून येतो. म्हणून मात्रा बदलल्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासावा. दहाव्या दिवशी घाईने केलेली तपासणी जुन्या आणि नव्या मात्रेची सरमिसळ दाखवते, आणि तिच्यावरून पुन्हा गोळी बदलली तर गोंधळ वाढत जातो. थकवा आठवड्यात गेला नाही म्हणून गोळी सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना हा एक हिशेब वेळीच कोणी सांगायला हवा होता, असे मला फार वाटते.

गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, काहीही खाऊ-पिऊ नये. आपल्या घरांत नेमकी इथेच अडचण होते, कारण डोळे उघडताच चहा लागतो आणि चहा म्हणजे काही जेवण नव्हे अशी सर्वांची समजूत असते. गोळी उशाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवून जाग येताच घेतली आणि मग आंघोळ-पूजा उरकून चहा घेतला, तर हा तास सहज निघून जातो. ज्यांना सकाळ जमतच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी घ्यावी. मात्र वेळ रोज एकच असावी.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या औषधाला आतड्यातच अडकवून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. आमच्या आईची रक्त वाढवण्याची लोहाची गोळी आणि ही गोळी कित्येक महिने एकाच घोटात पोटात जात होती. टीएसएच चढत गेला, मात्रा दोनदा वाढवली गेली, आणि तिच्या गोळ्यांच्या डब्याकडे पाहण्याचे आम्हा कोणालाच सुचले नाही. लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर घ्यायला लागल्यावर पुढच्या अहवालात आकडा खाली आला आणि वाढवलेली मात्रा पुन्हा कमी करावी लागली. म्हणूनच डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, जीवनसत्त्वांचीही, सोबत न्यावी असे मी आग्रहाने सांगतो.

तपासणीचे रक्त दर वेळी साधारण त्याच वेळी, सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी द्यावे, कारण टीएसएच दिवसाच्या वेळेनुसार कमीजास्त होतो. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी ते तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवावे. बायोटिनमुळे काही यंत्रांवर आकडा चुकीचा येतो.

केवळ टीएसएचवर विसंबून चालत नाही असेही काही प्रसंग आहेत. पीयूषिकेचाच आजार असेल तर हुकूम देणारीच दुबळी पडते, आणि थायरॉइड मंद असूनही टीएसएच सामान्य दिसू शकतो. तेव्हा मुक्त टी-४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले, मोकळे टी-४) पाहावे लागते. गर्भधारणा झाल्याचे कळताच गोळी चालू असलेल्या स्त्रीने पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, कारण पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते आणि मात्रा बहुधा वाढवावी लागते. वयस्कर माणसांत जादा मात्रा हृदयाचे ठोके अनियमित करू शकते आणि हाडेही ठिसूळ करते, म्हणून ‘थोडी जास्त घेतली तर तरतरी येईल’ हा विचार धोक्याचा आहे.

संप्रेरक पुरेसे मिळाले की पीयूषिकेचा हुकूम सौम्य होतो, हाच नियम दुसऱ्या ग्रंथीबाबतही ध्यानात ठेवावा लागतो. दमा किंवा संधिवातासाठी काही आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, की पीयूषिका मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना हुकूम देणे कमी करते आणि त्या ग्रंथी सुस्तावतात. अशी गोळी एकदम बंद केल्यास प्राणावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे टप्प्याटप्प्यानेच कमी करावी.

एका वहीत तारीख, गोळीची मात्रा, कंपनी, टीएसएचचा आकडा आणि त्या काळात सुरू झालेली इतर औषधे एवढी पाच रकाने आखावीत. कंपनी बदलल्यास तीही नोंदवावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी. गोळ्यांची बाटली किंवा पट्टी स्वयंपाकघरात चुलीजवळ न ठेवता ऊन आणि ओल लागणार नाही अशा जागी ठेवावी.