पत्र्याच्या छपरातल्या धुराड्याची गळती कशी थांबवावी

धुराड्याच्या बुडाशी सिमेंटचा वाटा (कोपरा भरणारी उतरती पट्टी) मारून वर डांबर लावले, की गळती थांबली असे वाटते. एक-दोन पावसाळ्यांत ती परत येते. यात गवंड्याची चूक नसते, पद्धतच चुकीची आहे. धुराडे जमिनीपासून वर आलेले असते, तर छप्पर वाशांवर बसलेले असते, त्यामुळे दोन्ही वेगवेगळी हलतात. ४ मीटर लांबीचा लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिमी लांबतो-आखडतो. मे महिन्यातली दुपार आणि पावसाची पहिली सर यांत एवढा फरक सहज पडतो. सिमेंटला ही ओढ सोसत नाही. त्याला केसाएवढी भेग पडते आणि पाणी तिथूनच उतरते.

म्हणून सांधा पत्र्याचाच हवा, आणि तोही दोन थरांचा. खालचा थर छपरावर बसतो आणि धुराड्याला टेकून उभा राहतो. वरचा थर धुराड्याच्या दरजेत, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात, रोवलेला असतो आणि खालच्यावर नुसता लोंबतो. हे दोन थर एकमेकांना कधीही रिव्हेट करू नका.

आधी गळती नक्की कुठून आहे ते पाहा

कोरड्या दिवशी एकाने खाली आढ्याजवळ बॅटरी घेऊन थांबावे आणि दुसऱ्याने वर पाइपने पाणी सोडावे. सुरुवात धुराड्याच्या पुढच्या, म्हणजे वळचणीकडच्या बाजूने करा. मग दोन्ही कडा, मग मागची बाजू आणि शेवटी धुराड्याचा माथा. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे पाणी राहू द्या. पाणी वरून सोडत खाली आलात तर ते सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही.

माथ्यावर पाणी सोडल्यावरच ओल आली, तर सांधा बदलून उपयोग नाही. जांभा आणि भाजलेली वीट पाणी पितात. माथ्याचे झाकण फुटलेले असेल किंवा गिलाव्याला तडे असतील, तर पाणी भिंतीच्या आतून, सांध्याला वळसा घालून घरात येते. अशा वेळी आधी झाकण आणि गिलावा दुरुस्त करा.

सामान

२ फूट बाय २ फूट धुराड्याला ८ बाय ४ फुटांचा २४ गेज जाडीचा एक गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेला) पत्रा पुरतो. त्यातून खालच्या थराचे चार तुकडे निघतात: पुढचा ४० बाय १४ इंच, बाजूचे दोन तेवढेच आणि मागचा ४० बाय २६ इंच. उरलेल्यातून वरच्या थराच्या पट्ट्या होतात: बाजूंना ३२ बाय १० इंचांच्या दोन, पुढे-मागे २६ बाय ८ इंचांच्या दोन. तांब्याचा पत्रा वापरू नका, त्यावरून येणारे पाणी जस्ताचा थर खाते. सिलिकॉन घेताना ‘न्यूट्रल’ प्रकारचेच मागा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला गंज आणते.

काम एप्रिल-मेमध्ये काढा आणि चूल किंवा भट्टी आदल्या दिवशीच विझवा. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. त्यांवर पाय देऊ नका, कारण ते अचानक तुटतात. ग्राइंडरनेही कापू नका, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

खालचा थर

जुना वाटा आणि डांबर छिन्नीने पूर्ण काढा. अर्धवट काढलेल्या डांबरावर नवा पत्रा नीट बसत नाही.

आता पुढचा तुकडा. तो ६ इंच धुराड्यावर उभा आणि ८ इंच छपराच्या पत्र्यावर आडवा येईल असा वाकवा. त्यानंतर बाजूचे तुकडे बसवा. त्यांनी पुढच्या तुकड्यावर ६ इंच चढले पाहिजे, आणि छपराच्या पत्र्याचे निदान दोन उंचवटे झाकले पाहिजेत. दुसऱ्या उंचवट्यापलीकडे कड खळग्यात वळवा. स्क्रू रबरी वॉशरचे घ्या आणि उंचवट्यावरच मारा, कारण खळग्यातून पाणी वाहते. धुराड्यावर उभ्या राहिलेल्या भागाला खिळा किंवा स्क्रू नको.

खरी परीक्षा मागच्या तुकड्याची असते. वरच्या पाख्याचे पाणी तिथे येऊन धडकते आणि पालापाचोळाही तिथेच साचतो. हा तुकडा धुराड्यावर ८ इंच उभा ठेवा, त्याचे दोन्ही टोकांचे भाग बाजूच्या तुकड्यांच्या वर आणा, आणि त्याची वरची कड छपराच्या वरच्या पत्र्याच्या खाली सारा. बहुतेक ठिकाणी हीच कड पत्र्याच्या वर ठेवून सिलिकॉनने चिकटवलेली आढळते, आणि पाणी तिथूनच आत शिरते. वरच्या पत्र्याचा जोड लांब असेल किंवा पत्रा आढ्यापासून अखंड असेल, तर मागचा तुकडा लांब घेऊन थेट आढ्याखाली न्या. त्यासाठी जास्तीचा पत्रा लागेल, पण त्याला पर्याय नाही.

धुराडे ३० इंचांहून रुंद असेल तर मागे छोटे दुपाखी छप्पर करा, म्हणजे पाणी दोन्हीकडे फुटते. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत त्यासाठी हीच मर्यादा आहे.

चारही कोपऱ्यांत, जिथे तुकडे वळतात, टाचणीएवढे भोक राहते. ते डाख देऊन बंद करा. नुसते सिलिकॉन तिथे फार टिकत नाही.

वरचा थर

खालच्या थराच्या उभ्या कडेच्या वर साधारण इंचभर, विटांच्या दरजेत ग्राइंडरने १ इंच खोल आणि ३ सूत (३/८ इंच) रुंद खाच पाडा. डोळ्यांना चष्मा लावा. पुढे आणि मागे खाच सरळ येते, बाजूंना उतारानुसार एकेक वीट सोडत पायऱ्या येतात. तिरकी सरळ खाच पाडली तर विटा कापल्या जातात. गिलावा केलेल्या धुराड्यात मात्र ती चालते, पण गिलावा पार करून ती विटेत शिरली पाहिजे.

पट्टीची कड १ इंच वाकवून खाचेत घाला आणि पत्र्याच्या घडी केलेल्या पाचरींनी ती दर फुटाला घट्ट करा. खाच पॉलियुरेथेन सीलंटने भरा. १:३ सिमेंट-वाळूही चालते, मात्र त्यावर आठवडाभर पाणी मारावे लागते. पट्टी खालच्या थरावर निदान ४ इंच उतरली पाहिजे.

मंगळुरी कौलांचे छप्पर असेल तर क्रम हाच ठेवा. पुढचा तुकडा कौलांच्या वर घ्या. बाजूचे आणि मागचा तुकडा कौलांच्या खाली घ्या आणि त्यांच्या बाहेरच्या कडा वर वळवा, म्हणजे वाऱ्याने ढकललेले पाणी वाशांवर उतरत नाही.

शेवटी पुन्हा पाइपने त्याच क्रमाने पाणी सोडून पाहा. त्यानंतर जूनच्या सुरुवातीला आणि ऑगस्टमध्ये एकदा मागच्या बाजूचा पाला काढा. तो साचला तर पाणी ८ इंचांपर्यंत चढते आणि उत्तम केलेला सांधाही गळतो. भर पावसात गळू लागले तर उघडीप पाहून जागा कापडाने कोरडी करा आणि ब्यूटिलची चिकटपट्टी लावा. तेवढ्यावर तो पावसाळा निघेल. उन्हाळ्यात ती काढून वरच्या पद्धतीने सांधा करा.