रोजच्या लिखाणासाठी पेन आणि खिशातली वही कशी पारखावी

पेन घेताना बहुतेक जण समोरच्या चिठोऱ्यावर चार वेटोळी काढतात, एक सही करून बघतात आणि पेन खिशाला लावतात. त्या वेटोळ्यांवरून शाई उतरतेय एवढंच कळतं. ते पेन आपल्या हाताला आणि अक्षराला मानवतंय का, हे कळायला पंधरा दिवस जावे लागतात. मी कित्येक वर्षं खिशात वही बाळगतो आणि माझं ठाम मत आहे की पेन आणि वही ही जोडीनेच पारखावीत. एकाच पेनाचं अक्षर एका वहीत रेखीव उतरतं आणि दुसरीत शाई फुटून केसाळ होतं.

आधी तीन दिवस स्वतःकडे बघा

काहीही विकत घेण्याआधी तीन दिवस फक्त लक्ष ठेवा. आपण कुठे लिहितो? टेबलाशी, उभ्याने, प्रवासात की रात्री अंथरुणात? एका वेळी दोन शब्द लिहितो की पानभर? मी असं मोजलं तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदी उभ्याने, तळहातावर वही धरून केलेल्या निघाल्या. तोवर मी टेबलावर छान चालणारी पेनं घेत होतो. त्या एका नोंदीने माझी सगळी निवड बदलली.

तीन जातींची तीन पेनं घ्या

एकाच जातीची पाच पेनं आणून फारसं काही कळत नाही. एक बॉलपेन, एक जेल पेन आणि एक शाईचं पेन घ्या.

बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असते. हंगेरीतल्या लास्लो बिरो या पत्रकाराला छापखान्यातली शाई चटकन वाळते हे दिसलं होतं, पण एवढी दाट शाई निबेतून उतरेना. मग टोकाशी फिरती गोळी बसवायची कल्पना त्याने आपल्या रसायनतज्ज्ञ भावाच्या मदतीने तडीस नेली आणि १९३८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. शाई दाट असल्यामुळे बॉलपेनवर जोर द्यावा लागतो, पण ते हलक्या कागदावरही चालतं आणि लगेच वाळतं. हात दुखत असेल तर कमी दाट शाईचं, मऊ चालणारं बॉलपेन बघा.

जेलची शाई पाण्यातली असते. गोळी फिरली की ती पातळ होते, थांबली की पुन्हा घट्ट. त्यामुळे जोर न देता गडद अक्षर उमटतं, मात्र वाळायला वेळ लागतो. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, म्हणून डावखुऱ्या माणसाचा हात ओल्या अक्षरांवरूनच फिरतो. त्यांनी जेल घेताना वाळण्याची परीक्षा आधी घ्यावी.

शाईच्या पेनावर जोर द्यावाच लागत नाही, पण ते कागदाच्या बाबतीत चोखंदळ असतं. निब बारीक घ्या. जपानी बनावटीची ‘फाइन’ निब युरोपीय ‘फाइन’पेक्षा सहसा बारीक चालते, तेव्हा निबेवरच्या ‘F’ (फाइन, म्हणजे बारीक) या नुसत्या अक्षरखुणेवर विसंबू नका.

एक पान परीक्षेचं

आता वहीचं एक पान घ्या आणि तिन्ही पेनांनी, नेहमीच्या वेगाने, हाच मजकूर लिहा: आजची तारीख, एक फोन नंबर आणि हे शब्द – घर, धर, भर, मर, बुद्धी, उद्ध्वस्त, वाङ्मय, चिंता.

हे शब्द मुद्दाम निवडले आहेत. रेघ जाड असली की ‘ध’ची गाठ बुजते आणि तो ‘घ’ वाटायला लागतो. ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तेच. ‘उद्ध्वस्त’मधलं जोडाक्षर एक मिलिमीटरच्या गोळीने लहान अक्षरात लिहून बघा, नुसता गोळा दिसेल. बारीक अक्षरासाठी ०.५ किंवा ०.७ची गोळी पुरते.

आता ‘चिंता’वरचा अनुस्वार नीट बघा. बॉलपेनची गोळी फिरली तरच शाई उतरते. टिंब देताना आपण टोक फक्त टेकवतो, गोळी फिरतच नाही, आणि कागदावर शाईऐवजी खळगा राहतो. चिंता आणि चिता यांच्यात एका टिंबाचाच फरक, असं आपण म्हणतो. घाईत लिहिलेल्या नोंदीत हा फरक खरोखरच पुसला जातो. पाठोपाठ दहा अनुस्वार द्या. दोनपेक्षा जास्त गळाले तर ते पेन मराठीसाठी बाजूला ठेवा, बाकी कितीही गुळगुळीत चालत असो.

मग एक, पाच आणि दहा सेकंदांनी बोट फिरवून शाई पसरते का बघा. पूर्ण वाळल्यावर एका शब्दावर पाण्याचा थेंब ठेवा. पावसात किंवा घामाने वही भिजली तर नोंदीचं काय होईल, ते तिथेच दिसेल. कायम टिकायला हवं असं काही लिहिणार असाल तर रिफिलवर ‘आयएसओ १२७५७-२’ छापलंय का बघा. दस्तऐवजांना योग्य अशा बॉलपेन शाईची ती खूण आहे. शेवटी पान उलटा. मागून अक्षरांची सावली दिसत असेल तर चालतं. शाईचे ठिपके पार झाले असतील तर त्या जोडीत पानाची एकच बाजू वापरता येईल.

उष्णतेने पुसली जाणारी शाई मी नोंदवहीसाठी वापरत नाही. ती साधारण ६० अंशांना रंगहीन होते. उन्हात उभ्या गाडीत माझी वही राहिली आणि आठवड्याच्या नोंदी कोऱ्या झाल्या. वही फ्रीझरमध्ये ठेवल्यावर अक्षरं परतली, पण फिकट.

वही: आधी खिसा मोजा

ए६ आकार १०५ × १४८ मिलिमीटरचा, ए७ ७४ × १०५चा, आणि खिशातल्या पुष्कळ वह्या साधारण ९ × १४ सेंटीमीटरच्या असतात. तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापून दिवसभर खिशात ठेवा. बसताना टोचला तर वही लहान हवी.

कागदाचा जीएसएम म्हणजे नुसतं वजन, एका चौरस मीटर कागदाचं, ग्रॅममध्ये. ७०-८०चा कागद बॉलपेन आणि जेलला पुरतो, पण शाईच्या पेनासाठी कागदावरची प्रक्रिया महत्त्वाची. जपानी ‘तोमोए रिव्हर’ कागद ५२ जीएसएमचा असूनही शाई फुटू देत नाही.

आखणीत घाई करू नका. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. ओळी फार जवळ असल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकतो. मला सात मिलिमीटर लागतात.

बांधणी तळहातावर तपासा. वही उघडून डाव्या हातात धरा आणि उभ्याने पाच ओळी लिहा. चिकटवलेली वही मिटायला बघते, शिवलेली सपाट पडते. मध्ये पिना मारलेली पातळ वही दुमडून धरता येते, पण कव्हर लेचंपेचं असेल तर खाली आधार राहत नाही. स्पायरल खिशाच्या कापडात अडकते.

पंधरा दिवस एकच जोडी

बरी वाटलेली जोडी पंधरा दिवस वापरा, मध्ये बदलू नका. शेवटच्या पानावर फक्त तक्रारी लिहा: टोपण हरवतं, खटका खिशात आपोआप दाबला जाऊन कापडाला शाई लागते, क्लिप सैल आहे. उभ्याने लिहिणाऱ्याला खटक्याचं पेन सोयीचं, कारण टोपण धरायला तिसरा हात नसतो. अंथरुणात उताणं पडून लिहिलं तर साधं बॉलपेन थोड्याच वेळात थांबतं, शाई गुरुत्वाकर्षणावर चालते म्हणून. आतल्या वायूच्या दाबाने शाई पुढे ढकलणारी रिफिल तिथे चालते. अशीच पेनं १९६८ मध्ये अपोलो ७बरोबर अंतराळात गेली होती.

पंधराव्या दिवशी शेवटचं पान वाचा. एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली असेल तर तेवढी एक गोष्ट बदला आणि पुन्हा पंधरा दिवस द्या. जोडी जमली की पेनाआधी रिफिलची चौकशी करा. पार्कर पद्धतीची रिफिल अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे ती बसणारं पेन वर्षानुवर्षं चालवता येतं. रिफिलचा क्रमांक कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. वही भरली की नव्या वहीत पहिली नोंद त्याचीच करा.