कोकणातला पहिला पावसाळा आणि पाकिटाची मागची बाजू

लातूरहून रत्नागिरीला बदली झाली तेव्हा आईने पापड-कुरडयांचे डबे बांधून दिले होते. ते आषाढातच संपले. इथली भाजी बरीचशी घाटावरून येते. आंबा घाटात दरड कोसळली की बाजारात दोडकीसुद्धा भाव खातात. मासे खायला शिकला असाल तरी जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. शेजारच्या काकूंची आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, मे महिन्यातच भरून झालेली असते, आणि आपल्याला तो शब्द कळतो तेव्हा दारात पागोळ्या लागलेल्या असतात. मग काय, फरसाण, टोस्ट, झटपट नूडल्स. सलग दोन पावसाळे मी असेच काढले. तिसऱ्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. म्हणून नव्याने येणाऱ्यांना घरभाड्याच्या आधी मी सांगतो, खाऊच्या पाकिटावरचा मजकूर वाचायला शिका.

चिलीत २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटावर पुढेच काळा अष्टकोन छापतात. मेक्सिकोनेही २०२० मध्ये तेच केलं. दुकानात उभ्या माणसाला एका नजरेत कळतं. आपल्याकडे २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा निघाला होता. मला तारे पटत नाहीत. चांगल्या-वाईटाची सरासरी काढली की मीठ त्यात लपतं.

आमच्या नाक्यावरच्या दुकानात पाकिटाच्या पुढच्या बाजूला पिकलेला आंबा नाहीतर हसरं मूल असतं. म्हणून पाकीट उलटं करायचं. अक्षर बारीक असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करा. तक्त्यात 'प्रति १०० ग्रॅम' हाच रकाना बघा आणि चिलीचे आकडे लावा: सोडियम (म्हणजे मिठातला घटक) ४०० मिलिग्रॅम, साखर १० ग्रॅम, संपृक्त चरबी ४ ग्रॅम. यापुढे गेलं की मनातल्या मनात अष्टकोन काढायचा. पेयांना साखरेची हद्द १०० मिलीला ५ ग्रॅम. चिलीत उष्मांकालाही हद्द आहे, पण ती मी घरी लावत नाही. लावली तर साधे पोहेही बाद होतील.

'प्रति सर्व्हिंग'वर मात्र विसंबू नका. माझ्या आवडत्या शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम आणि सर्व्हिंग ३० ग्रॅम. म्हणजे दिवसाच्या २००० मिलिग्रॅमच्या मर्यादेपैकी साडेतेरा टक्के, ऐकायला किरकोळ. एकदा चहाबरोबरची माझी वाटी काट्यावर ठेवली, तर ७५ ग्रॅम भरली! दिवसाचा एक तृतीयांश हिशेब तिथेच संपला, जेवण अजून व्हायचंच होतं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाचं कणीस छापलेलं आणि यादीत पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल, असं दिसलं की पुडा जागेवर ठेवा. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच भावंडं.

आता इथली खास फसगत. 'कोकणमेवा' म्हटलं की पौष्टिकच, असं आपण घाटावरचे लोक धरून चालतो. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. माझ्याकडच्या बाटलीवर १०० मिलीला ६० ग्रॅम साखर आहे. ५० मिली पेल्यात ओतलं की ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नाही पण मीठ भरपूर, त्यामुळे सोलकढीत वेगळं मीठ घालण्याआधी चव बघा. सरळ आमसुलं भिजवून पाणी प्यावं हे उत्तम. आंबापोळीतही साखर घातलेली आणि न घातलेली असे दोन प्रकार मिळतात, यादी वाचून घ्या. बचत गटाच्या पुडीवर कधी तक्ताच नसतो, मग विकणाऱ्या ताईंनाच विचारा. साखर किती, तेल कुठलं, त्या सरळ सांगतात.

येत्या एप्रिलात आगोटीची यादी शेजारच्या काकूंकडूनच करून घ्या. माझ्या यादीत त्यांनी कुळथाची पिठी, उकडे तांदूळ, सुके बोंबील आणि आमसुलं घातली, आणि फरसाणावर काट मारली. मी एक पाकीट तरी ठेवतोच, पण आता वाटी लहान आहे.